गुडमारचं पान आणि दिग्रसची साखर

बाळांनो,

मागच्या रविवारी तुम्ही फोनवर मला तुमच्याकडच्या औषधाच्या दुकानातली एक बाटली दाखवलीत. तिच्यावर हिरव्या पानाचं चित्र होतं आणि खाली लांबलचक लॅटिन नाव. मधल्याने ते नाव तीन ठिकाणी अडखळत वाचलं आणि मला इतकं हसू आलं की चष्मा काढून ठेवावा लागला. "आजी, हसायला काय झालं?" असं तुम्ही सगळ्यांनी विचारलंत. फोनवर सांगण्यासारखी गोष्ट नव्हती ती. तुम्ही न्याहारी करत होतात, तोंडात घास होते, आणि माझ्या त्या हसण्याचा संबंध नेमका तोंडातल्या घासाशी आहे. म्हणून नीट बसून, पहिल्यापासून लिहिते.

आधी एक गोष्ट बाजूला काढते, म्हणजे पुढे घोटाळा नको. त्या बाटलीतल्या गोळ्यांनी रक्तातली साखर कमी होते की नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारायचं. आजीच्या पत्रावरून कुणी औषध घ्यायचं नाही आणि चालू असलेलं सोडायचंही नाही. मी लिहिते आहे ती फक्त जिभेची हकीकत.

ते झाड म्हणजे आमचं गुडमार. दुसऱ्या झाडांवर चढत जाणारी वेल, समोरासमोर येणारी पानं, पानांवर बारीक लव. आमच्या यवतमाळ जिल्ह्यातल्या रानात ती कुठेही दिसायची. तिचं पान चावून जिभेवर फिरवलं की काही वेळ गोड चव लागतच नाही. तिखट लागतं, खारट लागतं, आंबट लागतं. गोड तेवढं नाहीसं होतं.

मी तेव्हा नवी नवी सून होते. नागपूरच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि लग्न होऊन दिग्रसला आले. विदर्भ मुंबई राज्यात जाऊन थोडी वर्षं झाली होती, महाराष्ट्र व्हायचा होता किंवा नुकताच झाला होता. वर्ष मला पक्कं आठवत नाही, म्हणून लिहीत नाही. तुमचे आजोबा पुसदला ओव्हरसियर होते. शनिवारच्या बसने यायचे, सोमवारी पहाटे जायचे. घरात सासूबाई, मामाजी आणि मी. मामाजी म्हणजे माझे सासरे. आमच्याकडे सासऱ्यांना मामाजीच म्हणतात.

त्या उन्हाळ्याच्या आधी कॉलेजातल्या आमच्या सरांचं पत्र आलं. जंगलातल्या औषधी झाडांबद्दल लोक जे सांगतात त्यातलं खरं किती आणि ऐकीव किती, हे शास्त्रीय पद्धतीने तपासायचं काम त्यांनी हाती घेतलं होतं. वेगवेगळ्या गावी गेलेल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना त्यांनी एकेक झाड वाटून दिलं. माझ्या वाट्याला गुडमार आलं. दहापाच माणसांवर साधी चाचणी कर, वैशाखात मी स्वतः येऊन बघतो, काम नीट असेल तर जूनपासून प्रयोगशाळेत सहायक म्हणून ये, पुढचं शिक्षणही होईल, असं त्यांनी लिहिलं होतं.

ते पत्र वाचून मी स्वयंपाकघरात गोल फिरले. अक्षरशः गोल फिरले. हातात उलथनं होतं. सासूबाई म्हणाल्या, "काय झालं वं? इंचू चावला काय?"

माझं माहेर नागपूरला होतं, त्यामुळे राहायची सोय होती. तुमचे आजोबा म्हणाले, "तू बाबांना पटव, मी बदलीचा अर्ज करतो." म्हणजे अवघड भाग माझ्याकडे.

मामाजी वाईट माणूस नव्हते, पण त्यांना सगळं आधीच माहीत असायचं. गावाबाहेर त्यांची कपाशीची शेती होती. सकाळी शेतात जाऊन आले की उरलेला दिवस बैठकीतल्या बंगईवर. बंगई म्हणजे कड्यांना टांगलेला लाकडी झोपाळा. त्यांच्या हाताशी पितळेचा साखरेचा डबा ठेवलेला असायचा, कारण घरात कुणाच्याही हातचा चहा त्यांना पुरेसा गोड लागत नसे. मी पत्राचं सांगितलं तेव्हा ते बंगईला पायाने रेटा देत म्हणाले,

"अन् नागपूरले जाऊन करायचं काय?"

"पानं तपासायची, मामाजी."

"पानं तं इथं बी हायेत. आपल्या शेताच्या धुऱ्यावर ढीग पडले हायेत. तपास ना, कोन नाही म्हन्ते?"

मी गुडमारचं सांगितलं. साखर गोड लागत नाही हे ऐकून ते इतके हसले की बंगईच्या कड्या किरकिरल्या.

"साखर गोड नाही लागत? मंग का मिठासारखी लागते? कोनी सांगतलं तुले? बजारातल्या वैदूनं?" आणि मग डोळे पुसत म्हणाले, "आयक सूनबाई. आपल्या गल्लीतल्या बायांनी आपल्या तोंडानं म्हनलं पाह्यजे, का साखर गोड नाही लागून राह्यली. ज्या दिवशी म्हनतीन, त्या दिवशी मी सोता तुले नागपूरच्या गाडीत बसवून देतो. तवर नाव नाही काढाचं."

मी मनातल्या मनात सामान बांधायला घेतलं. किती सोपी अट! पान खरंच काम करत होतं हे मला माहीत होतं. आठवडी बाजारात तांड्यावरची एक बाई डिंक आणि चारोळी विकायला बसायची. तिच्याकडे मी गुडमार मागितलं तेव्हा तिने एक पान माझ्या तोंडात दिलं आणि शेजारच्या दुकानातून गुळाचा खडा उचलून हातावर ठेवला. मी गूळ चावला आणि बाजाराच्या मधोमध किंचाळले. भिंतीचा पोपडा खाल्ल्यासारखं लागलं. ती बाई हसत होती, गूळवाला ओरडत होता, आणि मी आणखी एक खडा, आणखी एक खडा करत उभी होते. गूळ असून गूळ नाही! मला वाटलं, हे गावभर वाटलं पाहिजे.

तर पहिली चाचणी. चैत्र संपत आला होता आणि आमच्याकडे हळदीकुंकू होतं. गल्लीतल्या सगळ्या बायका येणार, कैरीची डाळ आणि पन्हं घेणार. यापेक्षा चांगली संधी कोणती? सासूबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांना गमतीच्या कुठल्याही गोष्टीत भाग घ्यायला आवडायचं. त्यांनी पानं स्वतः धुऊन ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवली.

हळदीकुंकू लावून झाल्यावर मी उभी राहिले आणि कॉलेजात प्रयोग समजावतात तसा प्रयोग समजावला. मग पानं वाटली. शेजारच्या काकू सगळ्यांत पुढे बसल्या होत्या. काकू म्हणजे गल्लीचा आवाज. त्यांना ठाऊक नाही असं लग्न नाही आणि त्या बोलल्या नाहीत असं बारसं नाही.

"काय देऊन राह्यली वं? बकरी समजली काय आमाले?"

"चावा काकू. गिळू नका, जिभेवर फिरवा."

"कडू हाये वं माय! हे खाऊन मेली तं पोरं तुह्याकडं पाठवीन, सांगून ठेवते."

सगळ्यांनी चूळ भरली. मी प्रत्येकीच्या तळहातावर चमचाभर साखर ठेवली आणि बघत राहिले. काकूंनी साखर तोंडात टाकली. त्यांचे गाल हलले, थांबले. डोळे मोठे झाले. भुवया वर गेल्या. त्यांनी शेजारणीकडे पाहिलं, तिनेही त्यांच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता! आता म्हणणार!

"गोड हाये," काकू म्हणाल्या.

"खरंच?"

"साखर हाये ना? मंग गोडच राहीन. लय गोड हाये."

"आणि तुम्हाला?"

"गोड," दुसरी म्हणाली. तिच्या दातांखाली साखर करकर वाजत होती आणि ती वाळू चावल्यासारखा चेहरा करून हसत होती. तिसरीने मान हलवली. चौथी म्हणाली, "छान गोड हाये बाई, कुठून आनली?" एकूण एक बायका गोड म्हणाल्या. मी रडकुंडीला आले. बैठकीतून बंगईचा आवाज येत होता, किर्र किर्र, अगदी समाधानी.

मी आत गेले तर सासूबाई मोरीपाशी वाकून थुंकत होत्या. त्यांनीही पान खाल्लं होतं.

"माती!" त्या कुजबुजल्या. "निव्वळ माती लागून राह्यली वं! आई आई!"

"मग बाहेर सगळ्या गोड का म्हणाल्या?"

त्या तोंड पुसत माझ्याकडे अशा बघत राहिल्या की मीच खुळी. "येडी हायेस काय? हळदीकुंकवाच्या दिवशी सवाष्णीच्या हातावर साखर ठेवते अन् इचारते, गोड लागते का? थे नाही म्हनन? तुह्या घरची साखर फिकी, असं म्हनून कोनती बाई उंबऱ्याबाहेर जाईन? नव्या सुनेच्या हातची साखर माती असली तरी गोडच राह्यते."

आता कळलं मामाजी एवढे निर्धास्त का होते. त्यांना त्यांची गल्ली माहीत होती.

मी दोन दिवस खट्टू होते. मग उपाय सासूबाईंनीच सुचवला. "ज्याले नावं ठेवाची सवय हाये, त्याले इचार."

असं माणूस सापडायला वेळ लागला नाही. त्याच आठवड्यात काकूंच्या पुतणीचं लग्न होतं आणि वरपक्ष मारेगावहून येणार होता. आमच्याकडे वरपक्ष उतरतो त्या घराला जानोसा म्हणतात, आणि जानोश्यात बसलेल्या माणसाला कुणाचं मन राखायची गरज नसते. उलट, नावं ठेवणं हे त्याचं त्या दिवसापुरतं काम असतं. मला हे फारच शास्त्रीय वाटलं. शिवाय या वेळी मी तुलनाही करणार होते. निम्म्यांना गुडमार, निम्म्यांना पेरूचं कोवळं पान. गुडमारवाल्यांना जिलबी फिकी लागेल, पेरूवाल्यांना गोड लागेल, आणि फरक दिसेल.

फरक कसला! सगळ्यांना फिकी लागली.

नवरदेवाचे मामा पेरूचं पान खाऊन बसले होते. जेवणाआधी तोंड साफ होतं असं सांगून माझ्या हातानेच मी ते दिलं होतं. त्यांनी जिलबीचा एक तुकडा तोडला, तोंडात टाकला आणि ताट पुढे सरकवलं. "हे जिलबी हाये? आमच्याकडं गुरं बी खानार नाहीत." दुसऱ्या कोपऱ्यात त्यांच्या चुलतभावाने खरंखुरं गुडमार खाल्लं होतं. तो तर उठून उभाच राहिला. "साखर टाकाची इसरले का राजेहो? पाकात पानी हाये नुसतं!" मग ज्यांनी कुठलंच पान खाल्लं नव्हतं तेही म्हणायला लागले, "मले बी फिकी लागली." "मले तं सकाळचा चहा बी फिका लागला होता." बघता बघता जानोसा तापला. मुलीचे वडील हात जोडत आले. हलवायाला बोलावलं. तो बनियनवर, हातात झारा घेऊन आला, ताटातली जिलबी उचलून खाल्ली आणि म्हणाला, "आता याच्याहून गोड केली तं मुंग्या लग्न लावतीन!"

मी दाराआड उभी होते. भीती वाटत होती आणि हसू आवरत नव्हतं; दोन्ही एकदम.

वधूपक्षाकडून समजूत घालायला मामाजींना पाठवलं. ते शांतपणे बैठक मारून बसले. "पाहू," म्हणाले आणि एक जिलबी खाल्ली. मग "नीट समजलं नाही" म्हणून दुसरी खाल्ली. मग आणखी. तोवर चांगला तासभर गेला होता. तो उभा राहिलेला चुलतभाऊही रागारागाने, पुरावा म्हणून, जिलबीचा तुकडा तोंडात टाकून बोलत होता. "फिकी म्हंजे एकदमच फिकी, जशी का..." आणि मधेच थांबला. पानाचा अंमल उतरत होता. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू पाक पसरला. त्याने आजूबाजूला पाहिलं, आवाज खाली आणला आणि म्हणाला, "तशी चालून जाईन." मग बोलता बोलता पूर्ण ताट संपवलं. लग्न वेळेवर लागलं.

पण घरी आल्यावर मामाजींनी मला बोलावलं. चेहरा गंभीर होता, मिशीला पाक लागलेला.

"सूनबाई, हे पान आता घराच्या बाहेर नाही जानार."

"मामाजी, सर येणार आहेत. त्यांना दाखवायला माझ्याकडे काहीच नाही."

"मंग सांग त्याहिले, का गल्ली गोड म्हन्ते अन् जानोसा फिका म्हन्ते. झालं तुमचं शास्त्र."

त्यांचं म्हणणं खरं होतं, म्हणून जास्त लागलं. एका ठिकाणी पान खाऊनही गोड, दुसऱ्या ठिकाणी न खाताही फिकं. हे काही सरांना दाखवता येण्यासारखं नव्हतं. मी नाही म्हणून कळवलं असतं तर ती जागा दुसऱ्या कुणाला गेली असती आणि मामाजींसमोर नागपूरचं नाव पुन्हा निघालं नसतं. पानांचं फडकं मी बैठकीतल्या कोनाड्यात टाकून दिलं. त्याच्याकडे बघवेना.

आता खरी गंमत.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मामाजींचा चहा घेऊन गेले. ते बंगईवर बसले होते, जरा जास्तच ताठ. त्यांनी कप घेतला, एक घोट प्यायले, थांबले. साखरेचा डबा उघडून एक चमचा टाकला. ढवळला. घोट घेतला. परत थांबले. परत चमचा.

"काय पाहून राह्यली?"

"काही नाही, मामाजी."

"च्या पातळ झाला." तिसरा चमचा.

मी हलले नाही. ते माझ्याकडे न बघता चमच्यामागून चमचा टाकत होते. शेवटी चहाचा चिखल झाला, चमचा त्यात उभा राहतो की काय असं वाटायला लागलं. आणि तो सगळा चिखल ते एक शब्द न बोलता प्यायले. कप खाली ठेवला. मिशीच्या टोकाला पानाचा हिरवा तुकडा चिकटलेला होता. कोनाड्यातलं फडकं अर्धवट उघडं होतं.

मी कप घेऊन आत पळाले. सासूबाई दाराच्या फटीतून सगळं बघत होत्या. त्यांनी माझ्या तोंडात माझाच पदर कोंबला. "हसू नको! आयकलं तं सपलं!" आणि स्वतः तांदळाच्या डब्यावर डोकं टेकवून हसत सुटल्या. आम्ही दोघी जमिनीवर बसलो होतो आणि एकमेकींकडे बघायची सोय नव्हती. बघितलं की पुन्हा सुरू.

हसता हसताच मला ते सुचलं. मी सगळ्यांना विचारत बसले होते. विचारलं की माणूस घर बघून बोलतं. हळदीकुंकवाला गोड म्हणतं, जानोश्यात फिकं म्हणतं, बंगईवर बसलं असेल तर काहीच म्हणत नाही. पण हात? हाताला कुणाचं मन राखायचं नसतं. मामाजींचा हात जिभेला काय लागतंय ते चमच्याचमच्याने सांगत होता. मग कुणाला काही विचारायचंच नाही!

दोन दिवसांनी सर आले ते यवतमाळच्या बसने, दुपारच्या उन्हात, धुळीने माखून. मामाजींनी त्यांना बैठकीत आपल्या शेजारी बसवलं. मी गल्लीतल्या त्याच सगळ्या बायकांना सरबताला बोलावलं. माजघरात त्या बसल्या, आणि माजघर आणि बैठक यांच्यामधल्या दारातून दोन्हीकडचं दिसत होतं.

पानं सासूबाईंनी वाटली. निम्मी गुडमारची, निम्मी पेरूची, सगळी विड्यासारखी घडी घालून, म्हणजे कुणाकडे काय गेलं ते मलाही कळू नये. ते त्यांनी एकट्यांनी लक्षात ठेवायचं. मग प्रत्येकीपुढे एक पेला लिंबूपाणी, बिनसाखरेचं, आणि एक वाटी साखर. सगळ्या वाट्या मी तराजूत सारख्या करून भरल्या होत्या.

"आपापल्या चवीनं घ्या," एवढंच मी म्हटलं आणि आत निघून गेले.

काही वेळ नुसत्या गप्पा. मग चमच्यांचे आवाज. काकूंचा चमचा सगळ्यांत जोरात. त्यांनी एकदा टाकली, दोनदा टाकली, मग सरळ वाटीच उपडी केली. प्यायल्या. पेल्यात डोकावून बघितलं. आणि मला हाक मारली, "सूनबाई, अजून साखर दे वं थोडी. लिंबं लय आंबट हायेत तुमची."

मी दिली. पलीकडची म्हणाली, "हो ना, लिंबंच आंबट हायेत. कोनाकडून घेतली?" तिच्या शेजारची पेरूवाली होती, हे मला मागाहून कळलं; तिचा पेला केव्हाच संपला होता. ती भाबडेपणाने म्हणाली, "मले तं नाही लागलं आंबट." त्यावर काकू म्हणाल्या, "तू गप. तुले कायची चव कळते?"

लिंबाला नावं ठेवायला कुणाची हरकत नव्हती. लिंबू शेजारच्या झाडाचं असतं. बैठकीत सर वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले होते आणि वर्तमानपत्र थरथरत होतं.

बायका पन्हं प्यायल्यासारख्या समाधानाने बसल्या तेव्हा मी वाट्या गोळा करून सरांसमोर मांडल्या. तराजूची गरजच पडली नाही. काही वाट्या रिकाम्या, काहींत साखर जवळजवळ तशीच. सासूबाईंनी एकेका वाटीवर बोट ठेवून सांगितलं, "हे गुडमार. हे पेरू. हे गुडमार." एकही उलटी निघाली नाही. सर वर्तमानपत्र खाली ठेवून मोठ्याने हसले. मग, त्यांच्या सवयीप्रमाणे, लगेच सावरून म्हणाले, "ही सुरुवात आहे. माणसं थोडी आहेत आणि दुपार एकच आहे. पण काय विचारायचं नाही ते तुला समजलं, हे पुष्कळ झालं. जूनमध्ये ये."

मी मामाजींकडे पाहिलं. मामाजींनी बंगईला पायाने हळूच रेटा दिला.

"काम चांगलं हाये," ते म्हणाले. "पन आपलं काय ठरलं होतं? बायांनी आपल्या तोंडानं म्हनलं पाह्यजे. कोनी म्हनलं काय? थे तं लिंबाले नावं ठेवून राह्यल्या."

माजघरातल्या बायकांना आता कळलं होतं की गोष्ट कशाची चालली आहे. कुणी तरी म्हणायला हवं होतं आणि कुणीही म्हणणार नव्हतं. माझ्या घरात बसून, माझं सरबत पिऊन, पाहुण्यासमोर? माझा नागपूरचा रस्ता त्या सगळ्यांच्या चांगुलपणाने अडवला होता.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. त्यांनी पदर खोचला, सरळ बैठकीत गेल्या, आणि मामाजींचा पितळी डबा उचलून त्यांच्या मांडीवर ठेवला. परक्या पुरुषासमोर त्या मामाजींशी कधी बोलत नसत.

"तोंडानंच म्हनाचं हाये ना? मंग तुमीच म्हना."

"मी काय म्हनू?"

"परवा दुपारी च्यात डबाभर साखर टाकली थे कायले? अन् मिशीले हिरवं काय लागलं होतं?"

माजघरातून कुणाचं तरी हसू फुटलं आणि दाबलं गेलं. बंगई थांबली. मामाजींनी सासूबाईंकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं. त्यांचे कान लाल झाले होते. मला वाटलं आता सगळं संपलं.

"आन थे पान," ते म्हणाले.

मी दिलं. त्यांनी सगळ्यांसमोर ते चावलं, बराच वेळ, शेतातली माती तपासावी तसं. चूळ भरली. डबा उघडून मूठभर साखर तोंडात टाकली. त्या घरातल्या साखरेला त्यांनी जन्मात नावं ठेवली नव्हती. त्यांच्या आईच्या वेळेपासून तो डबा तिथे होता. सगळं घर त्यांच्या जबड्याकडे बघत होतं.

"माती हाये," मामाजी म्हणाले. आणि मग, एकदा म्हटल्यावर, जोरात, "आमच्या घरची साखर माती हाये!"

"मले बी मातीच लागली होती!" माजघरातून काकू ओरडल्या. "हळदीकुंकवापासून सांगीन म्हन्ते!"

"मले वाळू लागली."

"मले खडू. खडूच खाल्ला जसा!"

"माय वं, मी तं घरी जाऊन तोंड धुतलं!"

घराच्या मालकानेच म्हटल्यावर सगळ्या सुटल्या. जी ती उठून सांगत होती, आधीचीचं बोलणं कापत होती, पेरूवाल्या बिचाऱ्या आपल्याला पान मिळालंच नाही म्हणून भांडत होत्या. सासूबाई त्यांना पानं वाटत होत्या, सर टाळ्या वाजवत होते, आणि मामाजी मूठभर साखर हातात घेऊन पुन्हा पुन्हा चाखून बघत होते. "अजून बी माती! पाहा ना! अजून बी!" दहा वर्षांच्या मुलासारखा आनंद झाला होता त्यांना.

जूनमध्ये ते स्वतः मला बस स्टँडवर घेऊन गेले. गर्दी होती. आमच्याकडे जागा धरायची रीत म्हणजे खिडकीतून दुपट्टा आत फेकायचा. तो ज्या बाकावर पडेल तो बाक आपला. मामाजींनी गाडी थांबायच्या आत गर्दीतून पुढे घुसून आपला खांद्यावरचा दुपट्टा नेमका खिडकीजवळच्या बाकावर फेकला आणि ओरडले, "आमच्या सूनबाईची जागा हाये! नागपूरले चालली शिकाले!" मी चढले. त्यांनी खिडकीतून लाडवांचा डबा दिला. गाडी सुरू झाली तेव्हा मला दिसलं की दुपट्टा माझ्या मांडीखालीच राहिला आहे. मी तो ओढून काढला आणि खिडकीबाहेर हलवत ओरडले, "मामाजी! दुपट्टा!"

ते गाडीबरोबर थोडे धावले, मग थांबले आणि हात वर केला.

"राहू दे! पुढच्या खेपीले जागा धराले कामी येईन!"